भागविक्रीची हमी आणि जोखमीची वाटणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी या वर्षीच्या व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ तरुण आज बँकांत, विमा कंपन्यांत आणि शेअरबाजाराच्या पेढ्यांत काम करीत आहेत. घरोघरी निवृत्तीच्या रकमेतून नव्या कंपन्यांचे भाग घेण्याची हौसही वाढलेली दिसते. अशा घरी जाण्याचा योग आला, की एक वाक्य आमच्या कानी हटकून पडते: "इश्यू अंडरराइट झालेला आहे, मग भीती कसली?" बोलणारे गृहस्थ सुशिक्षित असतात, हिशेबी असतात, परंतु ही हमी नेमकी कोणी कोणास दिली असे विचारले, तर उत्तर मिळत नाही. ती हमी कोण देतो, कोणासाठी देतो, आणि देणारे ती आपापसांत कशी वाटून घेतात, एवढेच आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

मंडळाच्या स्नेहभोजनाचे उदाहरण घेऊ. आचाऱ्यास पाचशे पानांचा स्वयंपाक सांगावयाचा आहे, आणि कुपने किती खपतील याची खात्री नाही. आचारी म्हणतो, पाचशे पानांचे पैसे मिळणार असतील तरच चूल पेटवीन. तेव्हा मंडळाचे दहा सभासद पुढे येतात आणि लिहून देतात की, जेवढी कुपने उरतील तेवढी आम्ही विकत घेऊ. आचारी निश्चिंत होतो. या दहा सभासदांनी केले ते अंडररायटिंग. त्यांनी हमी दिली ती आचाऱ्याच्या पैशांची. जिलबी कुरकुरीत होईल, अशी हमी त्यांनी कोणासही दिलेली नाही. नव्या भागांचेही तसेच आहे. हमीदार कंपनीस सांगतो की, जनतेने भाग घेतले नाहीत तर मी घेईन, तुझा कारखाना पैशांवाचून अडणार नाही. तो भाग उद्या निम्म्या किमतीस आला, तर घेणाऱ्यास त्या हमीदाराकडे एक पैसाही मागता येणार नाही. "भीती कसली?" या प्रश्नाचे पहिले उत्तर हे.

हा शब्द मुळात विम्याच्या धंद्यातला. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाचे कॉफीगृह होते. तेथे जहाजमालक आणि व्यापारी जमत. सफरीचा करार एका कागदावर लिहीत, आणि ज्यांना जोखीम पत्करावयाची असेल ते त्या मजकुराखाली आपले नाव आणि आपण किती रक्कम पत्करतो तो आकडा घालीत. खाली नाव लिहिणारा म्हणून अंडररायटर. त्या प्रथेतील महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक मनुष्य आपल्या आकड्यापुरता बांधलेला असे. शेजारच्या सहीवाल्याचे दिवाळे वाजले, तर त्याचा भार आपल्या माथी येत नसे.

आपल्याकडील जुन्या व्यवहारांत याच्या उलट रीतही होती. साखळी जामीन हा शब्द वडीलधाऱ्यांनी ऐकला असेल: एकाने दुसऱ्यासाठी, दुसऱ्याने तिसऱ्यासाठी उभे राहावयाचे आणि सर्वांनी मिळून सर्वांसाठी. १९०४ च्या कायद्याने ज्या ग्रामीण सहकारी पतपेढ्या निघाल्या, त्यांत सभासदांची जबाबदारी अमर्यादित ठेवली होती. शेजाऱ्याने कर्ज बुडविले तर आपल्या घरापर्यंत झळ येण्याचा संभव असे. हेतू हा की, माणसांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे. हा हेतू चांगला होता. मात्र जो सधन आणि काटेकोर, त्याने अशा पेढीत पाऊल ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा, हेही स्वाभाविक होते.

नव्या रोख्यांच्या विक्रीत या दोन्ही रीतींच्या छटा आजही आढळतात. मोठा इश्यू एकट्या पेढीस झेपत नाही. म्हणून एक पेढी अग्रणी होते आणि इतर पेढ्यांना बरोबर घेऊन तात्पुरता गट बांधते. त्यास सिंडिकेट म्हणतात. विक्री संपली की तो मोडतो. अमेरिकेत गटाचे दोन प्रकार रूढ झाले. समजा, एक कोटी भाग विकावयाचे आहेत आणि दहा पेढ्यांनी प्रत्येकी दहा लाखांचा वाटा उचलला आहे. विभागलेल्या खात्याच्या पद्धतीत, आपले दहा लाख ज्याने विकले तो सुटला. ज्याचे उरले त्याने ते आपल्या पदरात घ्यावेत. अविभक्त खात्याच्या पद्धतीत हिशेब निराळा. आपले दहा लाख आपण विकले, परंतु सर्व मिळून वीस लाख भाग पडून राहिले, तर त्यांतील दशांश, म्हणजे दोन लाख, आपणांस घ्यावेच लागतात. कंपन्यांच्या भागांसाठी तिकडे बहुधा पहिली पद्धत चालते. नगरपालिकांच्या कर्जरोख्यांत दुसरीही पुष्कळ दिसते. अविभक्त कुटुंबात वाढलेल्या आम्हां मंडळींना दुसऱ्या पद्धतीचे सुख आणि दुःख अधिक समजावून सांगावयास नको.

मोबदल्याची वाटणीही जोखमीप्रमाणे ठरते. अमेरिकेत मध्यम आकाराच्या नव्या कंपनीचा पहिला इश्यू असेल, तर जमलेल्या रकमेपैकी शेकडा सात हमीदारांना सोडण्याचा प्रघात पडला आहे. त्या सात डॉलरांचे स्थूलमानाने पाच भाग करतात. एक भाग अग्रणी पेढीस व्यवस्थेबद्दल, एक भाग जोखीम पत्करल्याबद्दल, आणि उरलेले तीन भाग प्रत्यक्ष ग्राहकास विकणाऱ्यास. हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते. ज्या हमीसाठी एवढा थाट, तिचा मोबदला एक पंचमांश, आणि त्यातूनही गटाचा सामाईक खर्च वजा व्हावयाचा. याचे कारण उघड आहे. जोखीम शक्य तितकी लहान होईपर्यंत तिकडचे हमीदार सहीच करीत नाहीत. आठवडेच्या आठवडे मोठ्या गिऱ्हाइकांकडून मागणी गोळा करावयाची, आणि सर्व भाग खपणार असे दिसले की विक्रीच्या आदल्या संध्याकाळी करारावर सही करावयाची. जोखीम असते ती एका रात्रीची.

लंडनची जुनी रीत याहून वेगळी होती. तेथे किंमत आधी ठरे, सही आधी होई, आणि मग दोन-तीन आठवडे जनतेकडून अर्ज मागविले जात. एवढ्या दिवसांत बाजार कोसळला तर हमीदार मेला, हे उघडच होते. म्हणून त्या लोकांनी हमीच्या खाली आणखी एक हमी घातली. मुख्य हमीदार सही करी आणि त्याच दिवशी आपली जोखीम शेकडो विमा कंपन्यांना व निवृत्तिवेतन निधींना वाटून देई. हे उपहमीदार होत. हक्कभागांच्या विक्रीत शेकडा दोनचे एकूण कमिशन दीर्घकाळ चालत असे. त्यापैकी सव्वा टक्का या उपहमीदारांकडे जाई, अर्धा टक्का अग्रणी बँकेस आणि पाव टक्का दलालास. म्हणजे पैशाचा मोठा हिस्सा जोखमीच्या मागोमाग जाई.

वाटणी न करता सर्व भार एकट्याने उचलला तर काय होते, याचा धडा लंडनने एकोणिसाव्या शतकातच घेतला होता. बेअरिंग ब्रदर्स ही त्या काळची मातब्बर पेढी. १८८८ साली तिने ब्यूनोस आयरिस शहराच्या पाणीपुरवठा आणि गटार योजनेचे रोखे बाजारात आणले. जनतेने ते घेतले नाहीत आणि कागद पेढीच्या तिजोरीत पडून राहिला. इतर अर्जेंटिनी रोख्यांचीही भर होतीच. १८९० च्या नोव्हेंबरात पेढी बुडण्याच्या बेतास आली, तेव्हा बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर लिडरडेल यांनी शहरातील बँकांना बोलावून हमीनिधी उभारला. तो वाढत वाढत एक कोटी सत्तर लाख पौंडांपर्यंत गेला. जी जोखीम आधी कोणाला वाटून दिली नव्हती, ती अखेर साऱ्या शहराने वाटून घेतली. आणि पेढीच्या भागीदारांची खाजगी मालमत्ता त्यात गेली ती निराळीच.

आता ज्या प्रकरणाने या दोन्ही रीतींची एकाच वेळी कसोटी लावली, त्याकडे वळू. १९८७ साली ब्रिटिश सरकारने ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीतील आपला उरलेला ३१.५ टक्के हिस्सा विकावयास काढला. सुमारे ७२० कोटी पौंडांची ही विक्री. ब्रिटनमध्ये एवढी मोठी भागविक्री तोवर झालेली नव्हती. १५ ऑक्टोबरला किंमत ठरली: दर भागास ३३० पेन्स, पैकी १२० अर्जाबरोबर आणि बाकीचे १०५-१०५ च्या दोन हप्त्यांनी पुढील दीड वर्षात. हमीचे करारही झाले. लंडनच्या बँकांना या कामाची इतकी चढाओढ होती की, हमीचे कमिशन टक्क्याच्या अगदी लहान अंशावर येऊन ठेपले. दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या दक्षिण भागात प्रचंड वादळ झाले आणि बाजार धड उघडलाही नाही. त्यानंतरच्या सोमवारी, १९ ऑक्टोबर रोजी, न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी घसरला. लंडनही त्यामागून खाली गेले. ३३० पेन्सांचा भाग बाजारात त्याहून पुष्कळ स्वस्त मिळू लागला. मग सरकारकडे अर्ज कोण करील? विक्रीची मुदत २८ तारखेपर्यंत होती, आणि तोपर्यंत हमीदारांना रोज आपले मरण डोळ्यांसमोर दिसत होते.

येथे लंडन आणि न्यूयॉर्क यांची स्थिती सारखी नव्हती, आणि हाच आमच्या सांगण्याचा गाभा आहे. लंडनच्या बँकांनी आपली जोखीम शेकडो उपहमीदारांकडे पोहोचविलेली होती. तोटा त्यांनाही झाला. परंतु विमा कंपनीस किंवा निवृत्तिवेतन निधीस भाग उद्या विकावे लागत नाहीत. त्यांचे देणे वीस-तीस वर्षांनंतरचे असते, ते थांबू शकतात. न्यूयॉर्कच्या चार पेढ्यांनी, गोल्डमन सॅक्स, मॉर्गन स्टॅनले, सॉलोमन ब्रदर्स आणि शिअरसन लीमन यांनी, एकूण भागांपैकी सुमारे एक पंचमांश आपसांत वाटून घेतले होते. त्यांच्याकडे उपहमीची रीतच नव्हती. एका रात्रीच्या जोखमीची सवय असलेल्या या पेढ्यांनी लंडनच्या वेळापत्रकामुळे दोन आठवड्यांची जोखीम उचलली, आणि तीही फक्त चार खांद्यांवर. शिवाय ते खांदे व्यापाऱ्यांचे: उसन्या भांडवलावर माल ठेवणारे, तो फार काळ धरून बसू न शकणारे. कॅनडाच्या वुड गंडी या पेढीचेही असेच हाल झाले.

करारात एक कलम होते की, काही असाधारण आपत्ती ओढवल्यास विक्री रद्द करता येईल. हमीदारांनी त्याचा आधार घेऊन सरकारकडे धाव घेतली. अर्थमंत्री नायजेल लॉसन यांच्यावर अटलांटिकच्या दोन्ही बाजूंनी दडपण आले. कॅनडा आणि अमेरिका यांच्या सरकारांनीही आपले म्हणणे त्यांच्या कानावर घातले. लॉसन यांची भूमिका साधी होती. किंमत पडण्याची जोखीम घेण्यासाठीच तुम्ही पैसे घेतले. आता किंमत पडली म्हणून तुमची जोखीम करदात्याने का घ्यावी? २९ ऑक्टोबरला त्यांनी जाहीर केले की विक्री होणारच. मात्र बाजारात हाहाकार माजू नये म्हणून, १२० पेन्स भरलेला भाग कोणासही नको असल्यास बँक ऑफ इंग्लंड तो ७० पेन्सांस काही काळ विकत घेईल, असा तळ बांधून दिला. भाव त्या तळाच्या वरच राहिल्याने बँकेवर मोठ्या खरेदीची वेळ आली नाही. या गडबडीत स्वस्त झालेले भाग कुवेतच्या सरकारी गुंतवणूक कचेरीने इतके उचलले की, पुढील वर्षी तिच्याजवळ कंपनीचा पंचमांशाहून अधिक हिस्सा जमा झाला, आणि ब्रिटिश सरकारला तिला तो ९.९ टक्क्यांवर आणावयास सांगावे लागले. एका सरकारच्या हातून सोडविलेली कंपनी दुसऱ्या सरकारच्या हाती जाऊ पाहत होती, ही त्यातील गंमत.

अमेरिकन पेढ्यांचा तोटा कोट्यवधी डॉलरांचा झाला. त्यांच्यातही माघार घ्यावी की शब्द पाळावा यावर खल झाला, आणि गोल्डमन सॅक्सचे प्रमुख जॉन वाइनबर्ग यांनी माघारीस विरोध केला, अशी नोंद आहे. आमच्या मते त्यांचे बरोबर होते. आज कलमाचा आडोसा घेऊन निसटणाऱ्याची सही उद्या कोणती कंपनी मोलाची मानील? तथापि लॉसन यांनी बांधलेला तळही आम्हांस अनाठायी वाटत नाही. शब्द पाळणाऱ्यास शब्द पाळता येईल इतका आधार देणे, हे शब्दातून मोकळे करण्यापेक्षा वेगळे आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. मुंबईत भांडवल उभे राहिले ते नेहमी हमीदारांच्या बळावरच, असे मात्र नाही. टाटा लोखंड कारखान्यासाठी लंडनच्या बाजाराने पैसे देण्याचे नाकारले, तेव्हा १९०७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत थेट जनतेस आवाहन केले गेले. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी १६ लाख ३० हजार पौंडांची सर्व रक्कम भरली. पुढे खेळत्या भांडवलासाठी काढलेले चार लाख पौंडांचे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्याने घेतले. परंतु असे महाराज प्रत्येक कारखान्याच्या वाट्यास येत नाहीत. स्वातंत्र्यानंतर उद्योग वाढू लागले तसा हमीचा धंदा संस्थांच्या हाती आला. १९५५ साली मुंबईत इंडस्ट्रियल क्रेडिट अँड इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन स्थापन झाले. नव्या भागांची हमी हे त्याचे एक मुख्य काम होते. २००२ साली ती संस्था तिच्याच बँकेत विलीन झाली. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ आले. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने हमीचे कमिशन भागांवर शेकडा पाच आणि कर्जरोख्यांवर शेकडा अडीच, याहून अधिक नसावे असे बंधन घातले. त्या काळच्या माहितीपत्रकांत हमीदारांची लांबलचक यादी असे: वर दोन-चार मोठ्या संस्था, खाली लहान लहान रकमांचे अनेक दलाल. इश्यू पडला की न खपलेले भाग महामंडळासारख्या संस्थांच्या गळ्यात येत. त्या महामंडळाचा पैसा कोणाचा? आपण दरमहा भरलेल्या हप्त्यांचा. म्हणजे लंडनचीच रीत थोड्या फरकाने आपल्याकडेही होती, आणि उपहमीदारांच्या रांगेत, नकळत का होईना, आपण सर्व उभे होतो.

आज ती यादी नावापुरती उरली आहे. मोठ्या कंपन्यांच्या इश्यूत किमतीचा पट्टा जाहीर होतो, त्या पट्ट्यात मागण्या येतात, आणि किंमत ठरल्यानंतर हमीच्या करारावर सह्या होतात. तोपर्यंत खप झालेला असतो. हमीचा अर्थ एवढाच उरतो की, आम्ही आणलेल्या मागणीदाराने ऐन वेळी पैसे दिले नाहीत, तर ते आम्ही देऊ. आणि ९० टक्के भागांनाही मागणी आली नाही, तर इश्यूच रद्द होऊन अर्जदारांचे पैसे परत जातात. लहान कंपन्यांसाठी शेअरबाजारात जो स्वतंत्र विभाग आहे, तेथे नियम अधिक कडक आहे. संपूर्ण इश्यूची हमी घ्यावी लागते, आणि निदान १५ टक्क्यांची हमी अग्रणी व्यवस्थापकाने स्वतःच्या हिशेबी घ्यावी लागते. ज्याने कंपनी बाजारात आणली, त्याचे थोडे तरी रक्त त्यात सांडावे, हा त्यामागचा विचार. तो आम्हांस योग्य वाटतो. परंतु नेमक्या याच लहान इश्यूंच्या बाबतीत एजंट मंडळी "शंभर टक्के अंडरराइट" हे शब्द मोठ्या आवाजात उच्चारतात. ती शंभर टक्के हमी कारखानदारास आहे, आपणांस नाही, हे स्नेहभोजनाच्या उदाहरणावरून ध्यानी आलेच असेल.

एक लहानशी गोष्ट आपण घरी करून पाहावी. मोठ्या इश्यूचे जे पहिले माहितीपत्रक निघते, त्यात हमीदारांचा तक्ता असतो. डावीकडे पेढ्यांची नावे आणि पत्ते व्यवस्थित छापलेले असतात. उजवीकडे, कोणी किती भागांची आणि किती रकमेची हमी घेतली त्या रकान्यांत, आकड्यांच्या जागी चौकटी कंसात एकेक काळा ठिपका असतो. अर्ज भरण्याची मुदत संपून किंमत ठरेपर्यंत तो ठिपका तसाच राहतो. आकडे येतात ते त्यानंतरच्या अंतिम माहितीपत्रकात, आणि त्या वेळी अर्जदाराचे पैसे बँकेत अडकून पडलेले असतात.